अग्निशेष

कृष्णाकाठच्या काळ्या रानात कुंदा नावाचे एक गवत असते. वरून पाहिले तर ते चारचौघा गवतांसारखेच दिसते. पण त्याची मुळे हात-दोन हात खोल गेलेली असतात. जुन्या काळी कुंदा काढायचा म्हणजे भर उन्हाळ्यात माणसे टिकाव घेऊन रानात उतरत आणि ढेकळे उलथून मुळी न् मुळी वेचून काढीत. बोटाएवढे कांडे जमिनीत राहिले तरी पहिल्या पावसाबरोबर ते डोके वर काढणार, हे शेतकऱ्याला पक्के ठाऊक असे. ऋण, अग्नी आणि शत्रू ह्यांचा शेष ठेवू नये, ही आपल्याकडची जुनी शिकवण ह्याच अनुभवातून आलेली आहे.

सुश्रुताने हीच गोष्ट शरीरातल्या गाठीबद्दल सांगून ठेवली आहे. अर्बुदाची चिकित्सा सांगताना तो बजावतो की, गाठ काढताना तिचा अंश मागे राहू देऊ नये. राहिलेला अंश पुन्हा वाढतो आणि उरलेल्या निखाऱ्यासारखा घात करतो. एका गाठीवर दुसरी गाठ आली तर तिला त्याने अध्यर्बुद असे नाव दिले आहे, आणि दोन गाठी जोडीने किंवा एकीमागून एक उठल्या तर त्या असाध्य मानल्या आहेत. म्हणजे प्रश्न जुनाच आहे. मात्र जो शेष डोळ्यांना दिसतच नाही तो काढायचा कसा, ह्याचे उत्तर मिळायला विसावे शतक उजाडावे लागले. आणि ते माणसाला मिळाले पिंजऱ्यातल्या पांढऱ्या उंदरांकडून.

त्या उत्तराचा इतिहास येथे सांगायचा आहे. मी डॉक्टर नव्हे. माझी मजल मॅट्रिकपर्यंतची. शाळेत मुलांना शिकवतो आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. परंतु हा इतिहास आपल्या घराघरांतल्या बायकांच्या जिवाशी निगडित आहे, आणि तो सांगायला प्रयोगशाळेतलीच भाषा हवी असे नाही.

१

आपल्या भागातल्या खेड्यापाड्यांपर्यंत आधुनिक शस्त्रक्रियेचे नाव पोचवले ते डॉक्टर विल्यम वानलेस ह्यांनी. कॅनडात जन्मलेले हे तरुण डॉक्टर अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनतर्फे १८८९ साली इकडे आले. आरंभी सांगलीत लहानसा दवाखाना, मग मिरजेत बस्तान, आणि १८९४ मध्ये मिरजेचे रुग्णालय, असा त्यांचा प्रवास आहे. बैलगाडीने आणि पुढे आगगाडीने माणसे लांबलांबून मिरजेला येऊ लागली. 'मिरजेला नेले' ह्या दोन शब्दांत दुखणे किती मोठे आहे हे आमच्या आजी-आजोबांच्या पिढीला कळत असे. सांगली आणि मिरज ह्यांच्यामधली वानलेसवाडी त्या डॉक्टरांचे नाव आजही सांगते.

गंमत अशी की, ही दोन्ही सालें कर्करोगाच्या इतिहासातही महत्त्वाची आहेत. १८८९ साली लंडनच्या स्टीफन पॅजेट ह्यांनी स्तनाच्या कर्करोगाने दगावलेल्या ७३५ स्त्रियांच्या नोंदी तपासल्या. रोग पसरून यकृतात फार वेळा जातो, पण प्लीहेत क्वचित जातो, असे त्यांना आढळले. रक्त तर दोन्हीकडे जाते. मग हा फरक का? पॅजेट ह्यांनी जे उत्तर दिले ते आपल्याकडच्या कोणत्याही कुणब्याला पटावे. बी वाऱ्याबरोबर चहूकडे उडते, पण मानवेल त्या जमिनीतच उगवते, असे त्यांचे म्हणणे होते. कर्करोगाचे बी अंगभर फिरते आणि जिथे वाफसा मिळतो तिथे रुजते.

पाच वर्षांनी, १८९४ मध्ये, अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरी विल्यम हॅल्स्टेड ह्यांनी आपल्या शस्त्रक्रियेचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांचा विचार वेगळा होता. तेलाचा डाग कापडावर कडेकडेने पसरतो तसा हा रोग पसरतो. म्हणून डागापेक्षा कापड मोठे कापले की काम झाले. ते स्तनाबरोबर छातीचे स्नायू आणि काखेतल्या गाठीही काढीत. त्याच जागी रोग पुन्हा उठण्याचे प्रमाण ह्या शस्त्रक्रियेने पुष्कळ घटले, आणि पुढे सुमारे पाऊणशे वर्षे जगभरच्या शल्यविशारदांनी हॅल्स्टेड ह्यांचा कित्ता गिरवला.

तरीही एक गोष्ट सर्वांना टोचत राहिली. जखम स्वच्छ भरलेली, व्रण कोरडा, बाई घरकामाला लागलेली. आणि दोन, चार, कधी दहा वर्षांनी पाठीचा कणा दुखू लागे, किंवा कावीळ होई. छातीवर काही नसे. रोग हाडांत आणि यकृतात उगवलेला असे. चाकूने आपले काम चोख केले होते. बी मात्र चाकू पोचण्यापूर्वीच उडून गेले होते. पॅजेट ह्यांचे म्हणणे खरे ठरत होते. पण उडालेले बी शोधणार कोण आणि मारणार कशाने?

२

माणसावर ह्याचे उत्तर शोधणे कठीण. एका शस्त्रक्रियेचा खरा निकाल कळायला दहा-दहा वर्षे थांबावे लागते. शिवाय प्रत्येक माणूस वेगळा. उंदराचे आयुष्य दोन-अडीच वर्षांचे. त्यातही, वीस पिढ्या सख्ख्या बहीणभावांचाच संकर करीत गेले की, एका साच्यातून काढल्यासारखे उंदीर मिळतात. मग निम्म्यांना औषध द्यावे, निम्म्यांना देऊ नये. फरक दिसला तर तो औषधाचा, उंदरांच्या जातकुळीचा नव्हे.

असल्या उंदरांच्या इतिहासात आरंभीच एक शाळामास्तरीण भेटते, ह्याचे मला विशेष कौतुक वाटते. ॲबी लॅथ्रॉप ही अमेरिकेतल्या ग्रॅनबी गावची बाई. शिक्षिकेची नोकरी सुटल्यावर तिने पाळीव उंदीर विकण्याचा धंदा काढला. प्रयोगशाळा तिचे गिऱ्हाईक बनल्या. आपल्या काही उंदरांच्या अंगावर गाठी येतात हे तिने पाहिले, त्या तपासायला पाठवल्या, आणि पुढे लिओ लोब ह्या शास्त्रज्ञाबरोबर उंदरांच्या कर्करोगावर निबंधही लिहिले. हार्वर्डमधल्या क्लॅरेन्स लिट्ल ह्यांनी १९०९ मध्ये बहीणभावांच्या संकराने उंदरांचा पहिला शुद्ध वंश तयार करायला घेतला, आणि १९२९ मध्ये बार हार्बर येथे जॅक्सन प्रयोगशाळा काढली. लिओनेल स्ट्राँग ह्यांनी १९२० मध्ये 'सी-थ्री-एच' हा वंश सुरू केला. त्यातल्या माद्यांना स्तनाचा कर्करोग फार मोठ्या प्रमाणात होतो. १९३६ मध्ये जॉन बिट्नर ह्यांनी दाखवले की, रोगी वंशाची पिले जन्मतःच निरोगी आईच्या दुधावर वाढवली तर त्यांना रोग होण्याचे प्रमाण घटते. तेव्हा आईच्या दुधातून काहीतरी जात असले पाहिजे. ते 'काहीतरी' म्हणजे एक विषाणू, हे नंतर सिद्ध झाले.

हे सारे दूरदेशीचे वाटेल. पण हा धागा लवकरच मुंबईत येऊन पोचला. परळला टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. तेथल्या प्रयोगशाळांची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर ह्यांच्याकडे आली. रोगनिदानशास्त्रातला हा मोठा माणूस. आपल्या लोकांच्या चालीरीतींत कर्करोगाची कारणे दडलेली आहेत, हे त्यांनी ओळखले होते. धोतराची गाठ कमरेला वर्षानुवर्षे घासून होणारा कर्करोग, तंबाखूची चिमूट गालात धरून होणारा कर्करोग, ह्यांवर त्यांनी १९४५ मध्येच लिहिले. त्यांच्याच प्रयत्नाने १९५२ मध्ये इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर उभे राहिले.

खानोलकरांच्या हाताखाली तयार झालेल्या संशोधकांत एक नाव प्रत्येक मराठी मुलीला ठाऊक असायला हवे. ते म्हणजे डॉ. कमल रणदिवे. माहेरच्या त्या समर्थ. जन्म पुण्याचा, ८ नोव्हेंबर १९१७ चा. वडील दिनकरराव समर्थ फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवीत. हुजूरपागेत शाळा, फर्ग्युसनमध्ये महाविद्यालय, आणि मग सीताफळाच्या कुळातल्या झाडांच्या गुणसूत्रांवर एम्‌. एस्‌सी., असे त्यांचे शिक्षण झाले. लग्नानंतर मुंबईस आल्यावर वनस्पतींच्या पेशींवरून त्यांची नजर उंदरांच्या पेशींवर गेली. १९४९ मध्ये त्यांनी मुंबई विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली, अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स येथे जॉर्ज गाय ह्यांच्याकडे पेशी काचपात्रात वाढवण्याची विद्या शिकल्या, आणि परत येऊन परळच्या संस्थेत ती प्रयोगशाळा उभी केली.

त्यांचे काम मुख्यतः उंदरांच्या स्तनाच्या कर्करोगावर होते. आनुवंशिकता, विषाणू आणि स्त्रीच्या शरीरातले अंतःस्राव ह्या तिघांचे संगनमत कसे होते, हा त्यांचा प्रश्न. परळच्या संस्थेत जोपासलेल्या उंदरांच्या एका वंशाला तर संस्थेच्याच आद्याक्षरांवरून 'आय. सी. आर. सी.' असे नाव पडले. त्या वंशातही स्तनाचा कर्करोग मोठ्या प्रमाणावर आढळे. १९६६ ते १९७० ह्या काळात कमलाबाईंनी संस्थेच्या संचालकपदाचा भार सांभाळला. १९७३ मध्ये भारतीय स्त्री-वैज्ञानिकांची संघटना स्थापण्यात पुढाकार घेतला. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. २००१ मध्ये त्या वारल्या.

३

आता औषधाकडे वळू. पहिल्या महायुद्धात मस्टर्ड नावाचा विषारी वायू वापरला गेला होता. त्या कुळातल्या रसायनांनी रक्तातल्या पांढऱ्या पेशी मरतात हे दिसल्यावर, १९४२ मध्ये अमेरिकेतल्या येल विद्यापीठात लसीकाग्रंथींचा कर्करोग असलेल्या एका उंदराला नायट्रोजन मस्टर्ड टोचण्यात आले. गाठ विरघळली; सगळे चकित झाले; आणि काही दिवसांनी गाठ परत आली. त्यानंतर एका माणसाला ते औषध दिले. तिथेही तेच झाले. १९४८ मध्ये बोस्टनच्या सिडनी फार्बर ह्यांनी रक्ताच्या कर्करोगाच्या मुलांना अमिनोप्टेरिन दिले. मुले उठून खेळू लागली, आणि काही महिन्यांत पुन्हा अंथरुणाला खिळली. हे औषध ज्यांच्या देखरेखीखाली तयार झाले ते डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव हे आंध्रातल्या भीमवरमचे. पुढे सर्वतोमुखी झालेले मेथोट्रेक्सेट हेही त्यांच्याच प्रयोगशाळेचे देणे.

औषधाने रोग जातो आणि परत येतो. चाकूनेही जातो आणि परत येतो. मग करावे काय? उत्तर अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात बर्मिंगहॅम येथे हॉवर्ड स्किपर ह्यांनी शोधले. त्यांनी उंदरांना रक्ताच्या कर्करोगाच्या पेशी मोजून टोचल्या. कमी कमी करीत ते एका पेशीपर्यंत आले. तेव्हा एकच पेशी उंदराला मारायला पुरते असे दिसले. दुसरी गोष्ट त्याहून मोलाची होती. औषधाचा एक डोस ठरावीक संख्येने पेशी मारीत नाही. तो ठरावीक प्रमाणात मारतो.

हे गणित मी फळ्यावर मांडले की सातवीच्या मुलांनाही कळते. एक ग्रॅम वजनाच्या गाठीत साधारण शंभर कोटी पेशी असतात. समजा, एका डोसाने हजारातल्या नऊशे नव्व्याण्णव पेशी मेल्या. मग राहिल्या दहा लाख. गाठ हाताला लागत नाही, कोणत्याही चित्रात दिसत नाही. रोगी म्हणतो, बरा झालो. पण दहा लाख पेशी आत आहेत. दुसऱ्या डोसाला राहिल्या हजार. तिसऱ्याला एक. आणि एक पेशीसुद्धा पुरेशी आहे, हे तर उंदरांनी आधीच सांगितले आहे. शिवाय दोन डोसांच्या मधल्या काळात उरलेल्या पेशी वाढतात, आणि काही औषधाला दाद देईनाशा होतात. म्हणून तीन डोसांनी भागत नाही. औषध का थांबवू नये, ह्याचे ह्याहून सोपे कारण मला सांगता येणार नाही.

ह्याच गणितातून पुढची पायरी आली. पन्नास-साठच्या दशकांत अमेरिकन प्रयोगशाळांत उंदरांच्या गाठींवर नुसते औषध देऊन पाहिले. गाठ मोठी असेल तर ते तोकडे पडे. नुसती शस्त्रक्रिया केली, तर बरेच उंदीर उडालेल्या बियांमुळे मरत. पण गाठ चाकूने काढून उरलेल्या थोड्या पेशींवर तेच औषध दिले की, जे उंदीर एरवी हमखास मेले असते त्यांतले कित्येक जगले. मोठे काम चाकूने करावे आणि वेचणीचे काम औषधाने, अशी ही वाटणी आहे. रानात नांगर आधी आणि खुरपे मागून, तसेच.

पिट्सबर्गचे शल्यविशारद बर्नार्ड फिशर ह्यांनी १९७९ च्या सुमारास स्ट्राँग ह्यांच्या त्याच 'सी-थ्री-एच' उंदरांवर आणखी एक गोष्ट दाखवली. मुख्य गाठ काढली की, दूरवर निजलेल्या पेशी काही काळ अधिक जोराने वाढू लागतात. म्हणजे धनी गेला की वाड्यातली चाकर माणसे मालक होऊ पाहतात. परंतु वाढणारी पेशीच औषधाला अधिक बळी पडते. तेव्हा शस्त्रक्रियेच्या सुमारासच औषध दिले तर त्याचा गुण अधिक, आणि जितका उशीर तितका गुण कमी, असे त्या उंदरांत दिसले.

४

उंदरांचा हा धडा माणसांनी गिरवायला घेतला तो १९५८ पासून. त्या वर्षी अमेरिकेत फिशर प्रभृतींनी स्तनाच्या शस्त्रक्रियेनंतर थोडे दिवस थायोटेपा हे औषध देऊन पाहण्याची चाचणी सुरू केली. पुढे १९७१ मध्ये त्यांनी दुसरी चाचणी मांडली, आणि तिने हॅल्स्टेड ह्यांच्या मोठ्या शस्त्रक्रियेला आव्हान दिले. अधिक कापले म्हणून बायका अधिक जगत नाहीत, हे तीतून निघाले. पंचवीस वर्षांनंतरच्या निष्कर्षांनी, २००२ मध्ये, त्यावर शिक्कामोर्तब झाले. तेलाच्या डागाची उपमा गेली. बियांची उपमा राहिली.

खरी कलाटणी मिळाली ती इटलीतल्या मिलान शहरी. तेथल्या जान्नी बोनादोन्ना ह्यांनी १९७३ पासून, काखेतल्या गाठींत रोग पोचलेल्या स्त्रियांना शस्त्रक्रियेनंतर तीन औषधे एकत्र दिली. सायक्लोफॉस्फमाइड हे मस्टर्डच्या कुळातले. मेथोट्रेक्सेट हे सुब्बारावांच्या वारशातले. आणि तिसरे फ्ल्यूरोयुरॅसिल. १९७६ मध्ये निष्कर्ष आले. नुसती शस्त्रक्रिया झालेल्या १७९ स्त्रियांपैकी शेकडा २४ जणींचा रोग सत्तावीस महिन्यांत उलटला होता. औषधे मिळालेल्या २०७ जणींत हे प्रमाण शेकडा ५.३ होते. पुढे हे अंतर काहीसे कमी झाले, तरी वीस वर्षांनंतरच्या पाहणीतही औषधांचा फायदा टिकून होता.

१९८१ मध्ये बोनादोन्ना ह्यांनी त्याच स्त्रियांच्या नोंदी दुसऱ्या नजरेने पाहिल्या. ठरलेल्या औषधातला शेकडा ८५ किंवा अधिक भाग ज्यांच्या अंगी लागला, त्यांतल्या शेकडा ७७ स्त्रिया पाच वर्षे रोगाविना होत्या. ज्यांना शेकडा ६५ पेक्षाही कमी औषध मिळाले, त्यांत हा आकडा ४८. आणि ज्यांना औषध मुळीच दिले नव्हते, त्यांत ४५. म्हणजे अर्धवट औषध आणि औषध नाही, ह्यांत जवळजवळ फरकच उरला नव्हता. कमी औषध मिळालेल्या बायका मुळात अधिक अशक्त किंवा वयस्कर असू शकतील, ही शंका रास्त आहे. तरी स्किपर ह्यांच्या उंदरांनी सांगितलेले गणित येथे माणसांच्या आकड्यांत डोकावते, हे नाकारता येत नाही.

अंतःस्रावांवर वाढणाऱ्या गाठींसाठी टॅमॉक्सिफेनची गोळी आली, तिचीही गोष्ट अशीच आहे. क्रेग जॉर्डन ह्यांनी मोठ्या पांढऱ्या उंदरांवर दाखवले की, ही गोळी थोडे दिवस देऊन थांबवली तर गाठी पुढे उठतातच; चालू ठेवली तर दबून राहतात. त्या धड्यावरूनच माणसांत एक-दोन वर्षांची गोळी पाच वर्षांवर गेली, आणि २०१२ मध्ये दहा वर्षे घेतल्याने काहींना अधिक लाभ होतो असेही दिसले. आपल्या गावातली एखादी बाई देवापुढे दिवा लावल्यावर न चुकता एक पांढरी गोळी घेते, तेव्हा त्या पाच वर्षांचा हिशेब उंदरांनी घालून दिलेला असतो.

५

एवढे सांगून मी आता घराजवळ येतो. आमच्या भावकीतल्या एका काकींची गाठ काही वर्षांपूर्वी काढली. जखम भरली, काकी पुन्हा गोठ्यात जाऊ लागल्या. औषधाचे दोन डोस झाले. केस गेले, तोंडाला चव राहिली नाही. तेवढ्यात घरी लग्न निघाले, मग उसाला तोड आली, आणि तिसरा डोस राहून गेला. मी विचारायला गेलो, तेव्हा त्या म्हणाल्या, "आरं बाळा, गाठ तर काढली न्हवं? मग ही सलाइनं कशापायी? बऱ्या माणसाला आजारी पाडत्यात नुसती."

काकी अडाणी नव्हत्या. रानाचा, दुधाचा सारा हिशेब त्यांच्या तोंडी असे. पण ज्या रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली तिथे त्यांना तारखा लिहिलेले कार्ड दिले होते. कारण कोणी दिले नव्हते. मी त्यांना कुंद्याची गोष्ट सांगितली. त्या थोडा वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, "मग आसं सांगावं की कुणीतरी." त्या पुन्हा गेल्या, पण मध्ये अडीच महिने गेले होते. तिसऱ्या वर्षी रोग हाडांत उठला. सगळे डोस वेळेवर झाले असते तर काकी आज असत्या, असे मी म्हणणार नाही. हे गणित शेकड्याचे आहे. एका माणसाचे भविष्य त्यातून वर्तवता येत नाही. परंतु शेकड्यातल्या ज्या जागा वाचण्याच्या असतात, त्यांतली आपली जागा कारण न कळल्यामुळे सोडून द्यावी, हे मला सोसत नाही.

आता उपचार पूर्वीइतके दूर राहिलेले नाहीत. बार्शीला कर्करोगाचे रुग्णालय आहे, आणि तिथे १९८७ मध्ये देशातली पहिली ग्रामीण कर्करोग-नोंदणी सुरू झाली. मिरजेत सिद्धिविनायक गणपती कॅन्सर रुग्णालय आहे. अडते ते बहुधा मधल्या महिन्यांत. उसाची तोड, द्राक्षाची छाटणी, पोराची परीक्षा, बस न मिळणे, आणि सर्वांवर कडी म्हणजे 'आता तर मी बरी आहे' ही समजूत.

दुसरा धोका उलट बाजूचा आहे. १९९४ मध्ये बोस्टनच्या ज्यूडा फोकमन ह्यांच्या प्रयोगशाळेत असे दिसले की, उंदराच्या अंगावरची मुख्य गाठ काढताच फुफ्फुसातल्या बारीक गाठी फोफावतात. पण शस्त्रक्रियेनंतर अँजिओस्टॅटिन नावाचे द्रव्य टोचत राहिले, तर त्या निजून राहतात. त्या गाठींना रक्तवाहिन्याच फुटू द्यायच्या नाहीत, ही त्यामागची युक्ती. १९९८ मध्ये ही आणि हिच्या जोडीची औषधे न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर झळकली. जगभरातून रोगी डॉक्टरांना फोन करू लागले. माणसांवरच्या चाचण्यांत मात्र त्या औषधांना अपेक्षित यश आले नाही. फोकमन स्वतः सावध होते. उंदराला कर्करोग झाला तर आम्ही त्याची चांगली काळजी घेऊ, अशा अर्थाचे त्यांचे उद्गार प्रसिद्धच आहेत.

फेब्रुवारी २०२४ मध्ये तशीच एक वार्ता आपल्याकडे आली. टाटा मेमोरियलच्या संशोधकांनी उंदरांत मानवी कर्करोगाच्या पेशी घालून पाहिले होते. उपचारांनी मरणाऱ्या पेशींच्या गुणसूत्रांचे तुकडे रक्तातून हिंडतात आणि धडधाकट पेशींत शिरून त्यांना बिघडवतात, असे त्यांचे मत. द्राक्षाच्या सालीत असणारे रेझव्हेराट्रॉल आणि तांबे ह्यांच्या मिश्रणाने ते तुकडे नष्ट होतात, आणि रोग उलटण्याला आळा बसेल, अशी आशा त्यांनी व्यक्त केली. गोळी शंभर रुपयांना मिळेल असेही छापून आले. इतर डॉक्टरांनी लगेच विचारले की, रोग उलटणे थांबते ह्याचा माणसांतला पुरावा कुठे आहे? प्रश्न योग्यच होता. पण तासगावच्या भागात, जिथे दारी द्राक्षाचा मांडव आणि घरात बेदाण्याची पोती, तिथे ही बातमी कशी ऐकली गेली असेल ते सांगायला नको. तांब्याच्या गडव्यातले पाणी प्या आणि मूठभर बेदाणे खा, म्हणजे झाले, असा सल्ला मी माझ्या कानांनी ऐकला. संशोधकांनी असे कधीच म्हटले नव्हते. बेदाणे खाल्ल्याने कोणाचे वाईट होणार नाही. बेदाणे खाऊन डोस चुकवले तर होईल.

त्याच टाटा मेमोरियलचे दुसरे काम ह्याच्याशेजारी ठेवून पाहण्यासारखे आहे. दात काढताना हिरडी बधिर करणारे लिग्नोकेन हे स्वस्त औषध शस्त्रक्रियेच्या थोडे आधी, सात ते दहा मिनिटे, गाठीभोवती टोचले तर गाठ हाताळताना पेशी उडण्याला आळा बसेल का, असा प्रश्न डॉ. राजेंद्र बडवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घेतला. देशातल्या अकरा केंद्रांतल्या १,५८३ स्त्रियांवर चाचणी झाली आणि २०२३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पाच वर्षांनंतर रोगाविना असलेल्यांचे प्रमाण शेकडा ८२.६ वरून ८६.६ वर गेले, आणि जिवंत असलेल्यांचे ८६.४ वरून ९०.१ वर. फरक शंभरात चौघींचा. चौघींचा फरक मोजायला दीड हजारांवर स्त्रिया आणि दहा-अकरा वर्षे लागली. उंदरांवरची आशा आणि माणसांवरचा पुरावा ह्यांतले अंतर एवढे असते.

म्हणून माझ्या वर्गात मी मुलांना एक सवय लावतो. औषधाची नवी बातमी वाचली की तीन प्रश्न विचारायचे. हे कोणावर करून पाहिले, उंदरांवर की माणसांवर? किती जणांवर? आणि किती वर्षे त्यांना पाहिले? तिन्हींची उत्तरे बातमीत नसतील, तर घडी घालून ठेवावी आणि वाट पाहावी.

आणि घरात कोणाची गाठ काढली असेल, तर त्यांच्या तारखांचे कार्ड एकदा हाती घेऊन बघावे. त्यावर चौकोन आखलेले असतात. कुठे सहा, कुठे आठ. किती भरले आणि किती रिकामे आहेत ते मोजावे. रिकाम्या चौकोनाच्या दिवशी तोड असो, लग्न असो, कोणीतरी मोटारसायकल काढून त्यांना मिरजेला किंवा साताऱ्याला पोचवावे, आणि वाटेत, घाई न करता, कारण सांगावे.